रद्द झालेला गोल

मुलांनो, गोल झाला की मैदानावर काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. आरडाओरडा, उड्या, गळामिठ्या! पण आज मी तुम्हाला जी गोष्ट सांगणार आहे, ती झालेल्या गोलाची नाही. रद्द झालेल्या गोलाची आहे. तो गोल रद्द झाला आणि आम्ही सामना हरलो. हरल्याचं दुःख मला आता मुळीच वाटत नाही. दुःख वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या दिवशी मैदानावर सगळ्यांत मोठा फाउल झाला, तो एका मोठ्या माणसाकडून झाला. आणि ते मोठं माणूस म्हणजे मी!

म्हणून एक विनंती. हा लेख वाचून झाला की आई-बाबांच्या हातात द्या. यातला निम्मा भाग तुमच्यासाठी आहे आणि निम्मा त्यांच्यासाठी.

आमचा संघ

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षिका आहे. कोल्हापूरला फुटबॉलचं वेड किती, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. तिथं पेठापेठांत कुस्तीच्या तालमी आहेत आणि त्याच तालमींच्या नावानं फुटबॉलचे संघ खेळतात. शाहू स्टेडियमवर मोठा सामना असला की पेठेतली म्हातारीकोतारी माणसंही गॅलरीत जाऊन बसतात.

हे वेड आमच्या खेड्यातही आहे. पण ते पोरांना. पोरी आपल्या कडेला उभ्या राहायच्या आणि बाहेर गेलेला बॉल धावत जाऊन आणून द्यायच्या. एक दिवस सहावी-सातवीतल्या सात-आठ जणी माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "बाई, आमचा पण संघ करा की!"

आता मी डी.एड. झालेली बाई. लंगडी, खो-खो घेणं माझ्या हातचं. फुटबॉलला मी जन्मात कधी पाय लावला नव्हता. पण मुलींच्या डोळ्यांतली ती आशा पाहिली आणि 'नाही' म्हणवेना. नियमांचं एक पुस्तक आणलं. गावातल्या एका जुन्या खेळाडूला संध्याकाळी तासभर यायची विनंती केली. शाळेमागच्या माळावर फक्कीच्या रेघा मारल्या, बांबूचे गोलपोस्ट उभे केले, आणि संघ तयार झाला!

त्या संघात सातवीतली एक मुलगी होती. तिचं नाव मी इथं लिहीत नाही. अंगानं किरकोळ, पण पळायला लागली की वारा! आमचे बहुतेक गोल तीच मारायची. तिचा धाकटा भाऊ माझ्याच तिसरीच्या वर्गात होता. तो रोज सकाळी मला ताईच्या गोलांचा हिशेब सांगायचा.

तो दिवस

गेल्या पावसाळ्यात चौदा वर्षांखालच्या मुलींच्या तालुका स्पर्धेत आमचा संघ चक्क उपांत्य फेरीत गेला. वडाप ठरवून आम्ही सगळ्या तालुक्याला गेलो. काही पालकही दुचाक्यांवरून आले. रात्रभर पाऊस पडलेला, मैदानात चिखल, आणि समोर शहराजवळच्या शाळेचा तगडा संघ.

आमच्या मुली जिवाच्या आकांतानं खेळल्या. शेवटची पाच-सहा मिनिटं राहिली तरी शून्य-शून्य. तेवढ्यात आम्हाला कॉर्नर मिळाला. बॉल उंच आला, तीन-चार मुली एकदम उडाल्या, चिखल उडाला, आणि बॉल जाळ्यात! पंचांनी शिट्टी वाजवून मधल्या वर्तुळाकडे हात केला. गोल!

मी तर उडीच मारली. पालकांनी शिट्ट्या सुरू केल्या. समोरच्या मुली "हँड, हँड!" म्हणून ओरडत होत्या, पण पंचांनी पाहिलंच नव्हतं. गोल मिळाला म्हणजे मिळाला.

आणि मग मी पाहिलं, की जिनं गोल मारला होता ती नाचत नव्हती. ती चालत पंचांकडे गेली आणि आपला कोपर दाखवून म्हणाली, "सर, माझ्या हाताला लागला बॉल."

पंचांनी क्षणभर तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या पाठीवर हात ठेवला आणि गोल रद्द केला. पुढच्या तीनच मिनिटांत समोरच्या संघानं गोल केला. आम्ही १–० नं हरलो.

आता सांगा, अशा वेळी तिच्या बाईंनी काय करायला हवं होतं? तिला जवळ घ्यायला हवं होतं ना? मी काय केलं ते ऐका. सगळ्या मुलींसमोर, पालकांसमोर मी तिला म्हणाले, "तुला कुणी विचारलं होतं का गं? पंच आहेत ना बघायला!"

मागून एका पालकाचा आवाज आला, "लई शहाणी हाय!" कुणीतरी हसलं. येताना वडापमध्ये गाणी म्हणत आलेल्या मुली परतताना गप्प होत्या. ती खिडकीशी बसली होती. तिच्याशी कुणीही बोललं नाही. मीसुद्धा.

तिसरीतलं उत्तर

सोमवारी ती सरावाला आली नाही. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. मी मनाला समजावलं, दमली असेल. घटक चाचणी जवळ आली असेल. मोठी माणसं मनाची समजूत घालण्यात फार हुशार असतात, मुलांनो!

असे पंधरा दिवस गेले. एक दिवस परिपाठानंतर फळ्यावर सुविचार होता – 'नेहमी खरे बोलावे.' मी वर्गाला विचारलं, "सांगा बघू, खरं बोलल्यावर काय होतं?" कुणी म्हणालं, देव प्रसन्न होतो. कुणी म्हणालं, सगळे शाबासकी देतात. तिच्या धाकट्या भावानं हात वर केला. तो उभा राहिला आणि अगदी सरळपणानं म्हणाला,

"खरं बोलल्यावर बाई रागावतात."

वर्ग खो-खो हसला. मला हसू आलं नाही. तो मला टोमणा मारत नव्हता. आठ वर्षांचं पोर ते, त्याला टोमणा कुठला कळायला? त्यानं जे घरी ऐकलं, पाहिलं, तेच सांगितलं. मी दहा वर्षं फळ्यावर सुविचार लिहीत होते आणि एका वाक्यात ते सगळे पुसून टाकले होते.

त्या रात्री मी नियमांचं पुस्तक पुन्हा काढलं. आपल्या संघाच्या खेळाडूच्या हाताला लागून बॉल थेट गोलात गेला, तर तो गोल धरायचा नाही. चुकून लागला असला तरीही नाही! २०१९ पासून हा नियम इतका स्पष्ट आहे. म्हणजे आमचा तो गोल मुळात गोलच नव्हता. तिनं आमचं काहीच घालवलं नव्हतं. जे आमचं नव्हतं, तेवढंच परत केलं होतं.

दोन हात

हाताच्या गोलाच्या दोन खऱ्या गोष्टी तुम्हाला सांगते.

पहिली बहुतेकांना माहीत असेल. २२ जून १९८६. मेक्सिकोत विश्वचषकाचा उपांत्यपूर्व सामना, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. मॅराडोनानं उडी मारून डाव्या हातानं बॉल जाळ्यात ढकलला. पंचांना दिसलं नाही. गोल मिळाला. अर्जेंटिना २–१ नं जिंकला आणि पुढं जगज्जेता झाला. त्याच सामन्यात मॅराडोनानं निम्म्या मैदानातून एकेकाला चकवत जो दुसरा गोल केला, तो जगातल्या सर्वांत सुंदर गोलांपैकी एक मानतात. पण आज चाळीस वर्षं होत आली तरी त्या सामन्याचं नाव निघालं की लोक आधी कोणत्या गोलाबद्दल बोलतात? हाताच्या!

दुसरी गोष्ट २६ सप्टेंबर २०१२ ची, इटलीतली. लाझिओ संघाकडून जर्मनीचा मिरोस्लाव्ह क्लोजे खेळत होता. समोर नापोली. सामना सुरू होऊन चार-पाच मिनिटंही झाली नसतील, तोच कॉर्नरवरून आलेला बॉल क्लोजेच्या हाताला लागून आत गेला. पंचांनी गोल दिला. क्लोजे पंचांकडे गेला आणि म्हणाला, हाताला लागला. गोल रद्द. समोरच्या संघातले खेळाडू येऊन त्याला शाबासकी देऊन गेले. लाझिओ तो सामना ३–० नं हरला! पण क्लोजेचं काही बिघडलं का? २०१४ साली तो जर्मनीबरोबर जगज्जेता झाला आणि विश्वचषकात सोळा गोल करून त्यानं तोवरचा सर्वाधिक गोलांचा विक्रम केला.

क्लोजे तेव्हा चौतीस वर्षांचा होता. नावाजलेला, भरपूर पैसे मिळवणारा. त्यानं खरं सांगितलं तर जग वाखाणतं. आमची मुलगी तेरा वर्षांची. तिनं खरं सांगितलं, तर तिच्या बाई तिला सगळ्यांसमोर रागावल्या. कुणाचं धैर्य मोठं, तुम्हीच ठरवा.

"सगळ्यांच्या म्होरं सांगाल का?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. आई भाकऱ्या थापत होती. तिनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि भिंतीला टेकून उभी राहिली. मी म्हणाले, "मी चुकले गं. त्या दिवशी तू बरोबर होतीस."

ती खूप वेळ काही बोलली नाही. मग हळूच म्हणाली, "बाई, हे सगळ्यांच्या म्होरं सांगाल का?"

बरोबरच होतं तिचं! रागावले सगळ्यांसमोर आणि माफी मागायची घरात येऊन, हा कुठला न्याय? मुलांनो, खरं सांगते, त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी प्रार्थनेनंतर सगळ्या शाळेसमोर उभी राहिले तेव्हा माझे हात थरथरत होते. मी झालेली सगळी हकिकत सांगितली आणि म्हणाले, "त्या दिवशी आपल्या संघात एकच जण बरोबर वागली आणि मी तिलाच बोलले. मी तिची माफी मागते." मुख्याध्यापकांनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच वाजवली. तेव्हा मला कळलं, की सगळ्यांसमोर आपली चूक सांगायला किती बळ लागतं. ते बळ तिनं भर सामन्यात, गोल मिळालेला असताना दाखवलं होतं.

ती परत आली. पण एका अटीवर. म्हणाली, "मी खेळतो बाई, पण गोल मारायला नको. मागं उभा राहतो." आमच्याकडे मुलीही 'मी जातो, मी खेळतो' असंच बोलतात. तिचं ते बोलणं माझ्या कानाला रोजचंच, पण त्या दिवशी ते काळजाला लागलं. वाऱ्यासारखी पळणारी आमची पोर आता मागं, बॅकला खेळणार होती. कारण गोलच्या जवळ गेलं की माणसं रागावतात, हे ती माझ्याकडून शिकली होती.

मुलींचं दार लवकर बंद होतं

आता थोडं पालकांशी बोलते.

त्या दिवशी तिच्या आईनं एक वाक्य सांगितलं. "तिनंच नको म्हटलं तवा आम्हाला बरंच वाटलं बाई. न्हाईतरी आता किती दिस खेळणार?"

यात त्या माउलीचा दोष नाही. मुलगा रुसून मैदानातून घरी आला तर चार दिवसांनी मित्र हाक मारतात आणि तो परत जातो. मुलीचं तसं नसतं. बारा-तेराव्या वर्षी तिच्या खेळण्याला आधीच शंभर फाटे फुटलेले असतात. उन्हात काळी पडशील, चड्डी घालून खेळणं बरं दिसत नाही, आता मोठी झालीस, घरातली कामं कोण करणार? दार अर्धं लोटलेलंच असतं. अशा वेळी मैदानाच्या कडेवरून मोठ्या माणसानं टाकलेलं एक कडू वाक्य ते दार पुरतं बंद करायला पुरेसं होतं. ती घरी बसली, तर कुणी बोलवायलाही येत नाही. उलट सगळ्यांना बरंच वाटतं.

मोठ्यांच्या एका निर्णयानं मुलींचं किती नुकसान होतं, याचं एक उदाहरण इतिहासातच आहे. इंग्लंडमध्ये पहिल्या महायुद्धाच्या काळात कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींनी फुटबॉलचे संघ काढले. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' या संघाचा सामना झाला. तो पाहायला सुमारे ५३ हजार लोक जमले होते! पण पुढच्याच वर्षी, ५ डिसेंबर १९२१ रोजी, तिथल्या फुटबॉल संघटनेतल्या मोठ्या माणसांनी ठरवलं, की हा खेळ बायकांना शोभत नाही. संलग्न क्लबांची मैदानं त्यांच्यासाठी बंद झाली. ती बंदी उठायला १९७१ साल उजाडलं. पन्नास वर्षं! एका ठरावानं मुलींच्या दोन पिढ्या मोठ्या मैदानांबाहेर राहिल्या.

आपल्या हातात ठराव नसतात. पण वाक्यं असतात.

नवी मुंबईतली चूक

मोठ्या माणसांनी साथ दिली तर काय होतं, तेही सांगते. ऑक्टोबर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालच्या मुलींचा फुटबॉल विश्वचषक आपल्या देशात झाला. भुवनेश्वर, गोव्यातलं मडगाव आणि आपली नवी मुंबई इथं सामने झाले. भारताच्या मुली अमेरिकेकडून ८–०, मोरोक्कोकडून ३–० आणि ब्राझीलकडून ५–० अशा हरल्या. सोळा गोल अंगावर आणि आपला एकही नाही. पुष्कळांनी नाकं मुरडली. पण त्या मुली पहिल्यांदाच एवढ्या मोठ्या स्पर्धेत उतरल्या होत्या. आठ गोल झाल्यावरही त्या पुन्हा दोनदा मैदानात उभ्या राहिल्या, हे किती जणांनी पाहिलं?

अंतिम सामना ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर झाला. स्पेन विरुद्ध कोलंबिया. ऐंशी मिनिटं झाली तरी गोल नाही. आणि मग कोलंबियाच्या आना मारिया गुझमान या सतरा वर्षांच्या खेळाडूच्या पायाला लागून बॉल तिच्याच संघाच्या जाळ्यात गेला. स्पेन १–० नं जिंकला. विचार करा, विश्वचषकाचा अंतिम सामना, आणि एकमेव गोल आपल्याच पायानं आपल्याच गोलात!

पण तिला कुणी घरी बसवलं नाही. पुढच्याच वर्षी कोलंबियाच्या मोठ्या संघात तिची निवड झाली आणि ती महिलांच्या विश्वचषकाला गेली. ८ ऑगस्ट २०२३, मेलबर्न, समोर जमैका. गुझमाननं डावीकडून लांबवर बॉल टाकला आणि त्यावर कातालिना उस्मेनं सामन्यातला एकमेव गोल केला. कोलंबियाच्या महिला प्रथमच उपांत्यपूर्व फेरीत गेल्या! एका पासानं हरलेलं सगळं भरून येतं असं नाही. पण चूक झालेल्या मुलीवर विश्वास टाकून तिला पुन्हा उतरवलं, म्हणून तो पास आला. हे काम मोठ्या माणसांचं.

कार्ड मोठ्यांनाही!

मुलांनो, एक गंमत सांगू? पिवळं आणि लाल कार्ड फक्त खेळाडूंना मिळतं असं तुम्हाला वाटत असेल. तसं नाही. २०१९ पासून फुटबॉलच्या नियमांत प्रशिक्षक आणि संघाबरोबर कडेला बसणाऱ्या मोठ्या माणसांनाही कार्ड दाखवता येतं. बाकावरून कुणीतरी वाईट बोललं आणि नेमकं कोण बोललं ते कळलं नाही, तर ते कार्ड तिथं असलेल्या मुख्य प्रशिक्षकाच्या नावावर! म्हणजे कडेला बसलेल्यांच्या वागण्याची जबाबदारी मोठ्या माणसावर, हे नियमानंच सांगितलं. ते वाचलं तेव्हा माझ्या मनात आलं, त्या दिवशी पंचांनी मला पिवळं कार्ड दाखवायला हवं होतं.

नॉर्वे नावाच्या थंड देशात तर याहून पुढची गोष्ट आहे. तिथल्या क्रीडा महासंघानं १९८७ पासून लहान मुलांच्या खेळासाठी नियम केले आणि २००७ साली मुलांचे खेळातले हक्कच लिहून काढले. मूल अकरा वर्षांचं होण्याआधी गुणतक्ते नाहीत, क्रमांक नाहीत. तेराच्या आत राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा नाही. मुलांनी आधी खेळावर जीव लावावा, मैत्री करावी, निकाल नंतर. कुणाला वाटेल, अशानं कुठं खेळाडू तयार होतात? नॉर्वेच्या महिला संघानं १९९५ चा विश्वचषक जिंकला आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकही!

आमचे नवे नियम

आता आमच्या शाळेनंही काही नियम केलेत. मुलींसाठी नाही हं, मोठ्यांसाठी! ते एका पुठ्ठ्यावर लिहून सामन्याच्या वेळी आम्ही बाकाला टांगतो.

एक. पंचांशी फक्त कप्तान बोलेल, तेही नम्रपणानं. बाई आणि पालक बोलणार नाहीत. पंचही माणूसच आहे, त्यांची चूक होणारच.

दोन. कडेवरून टाळ्या वाजवायच्या, सूचना ओरडायच्या नाहीत. दहा जण दहा बाजूंनी "मार, मार, सोड, सोड" म्हणू लागले, तर पोरीनं ऐकायचं कुणाचं? समोरच्या संघानं चांगला गोल केला तर त्यालाही टाळी.

तीन. आलेली प्रत्येक मुलगी खेळेल. राखीव म्हणून दिवसभर पिशव्या सांभाळायला कुणालाही नेणार नाही.

चार. डोक्याला मार लागला, गरगरलं, उलटी झाली, की त्या दिवशी खेळ बंद आणि डॉक्टरांकडे. मग अंतिम सामना असला तरी. अमेरिकेत तर २०१५ साली तिथल्या फुटबॉल संघटनेनं दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना डोक्यानं बॉल मारायलाच मनाई केली.

पाच. जन्मतारखेत लबाडी नाही. चौदा वर्षांखालच्या स्पर्धेत पंधरा-सोळा वर्षांची मुलगी उतरवायची, ही युक्ती मोठ्यांचीच असते. मुलं स्वतःहून दाखले बदलायला जात नाहीत. यात समोरच्या लहान मुलींना दुखापत होते आणि आपल्या मुलीला आयुष्यभर खोटं सांभाळावं लागतं. वय तपासायला मनगटाचा एक्स-रे काढायची पद्धत आता आहेच, पण त्या एक्स-रेच्या भीतीनं खरं वागायचं का?

सहा. सामना संपला की घरी जाताना "किती गोल मारलेस?" असं आधी विचारायचं नाही. आधी विचारायचं, "मजा आली का? कुठं लागलं नाही ना?"

हे नियम पाळणं सोपं नाही बरं का! परवाच एका सरावसामन्यात माझ्या तोंडून "अगं, मार ना!" असं निघालंच. लगेच आमच्या गोलकीपरनं पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. मी तोंडावर हात ठेवला आणि सगळ्या हसल्या.

यंदाचा सामना

यंदा ती मुलगी आठवीत आहे. अजूनही बॅकलाच खेळते. पुढं ये, असा आग्रह मी केलेला नाही. तिला वाटेल तेव्हा ती येईल.

यंदाच्या तालुका स्पर्धेत दुसऱ्याच फेरीत १–१ अशी बरोबरी चालली होती. आमच्या गोलच्या बाजूला बॉल रेघेबाहेर गेला. पंचांनी थ्रो आम्हाला दिला. ती बॉल उचलायला गेली आणि थांबली. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. एक क्षणभरच. पण मला कळलं, की बॉल शेवटी तिच्याच पायाला लागून बाहेर गेला आहे, आणि ती मला विचारते आहे.

मी काही बोलले नाही. उभी राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले. शेजारी उभे असलेले एक पालक गोंधळून माझ्याकडे बघत होते. तिनं पंचांना हात करून सांगितलं आणि बॉल समोरच्या मुलीच्या हातात दिला. मग त्या गोंधळलेल्या पालकांनीही टाळी वाजवली.

सामना बरोबरीत सुटला आणि पेनल्टी किकवर आम्ही हरलो. चिखलानं भरलेल्या मुली वडापमध्ये चढल्या. पाच मिनिटं सगळ्या गप्प. मग मागच्या सीटवरून कुणीतरी गाणं सुरू केलं आणि गाव येईपर्यंत ते थांबलं नाही. खिडकीशी बसलेल्या तिचा आवाज त्यात सगळ्यांत मोठा होता.

तर मुलांनो, तुमच्या मैदानावर काय चालतं? तुमच्यातल्या कुणी असं खरं सांगितलंय का? तेव्हा मोठी माणसं काय म्हणाली? मला पत्रानं जरूर कळवा. आणि पालकहो, पुढच्या सामन्याला अवश्य या. फक्त येताना टाळ्या तेवढ्या बरोबर आणा, बाकीचं मुलींवर सोडा!